हातांवर बसणाऱ्या शमीमताई

पहिल्या दिवशी शमीमताईंनी मला जे काम सांगितलं, ते म्हणजे काहीही न करणं. "त्या पाटावर बसा," म्हणाल्या, "आणि दोन्ही हात मांड्यांखाली घाला. चांगले दाबून."

मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. मी बालशिक्षणाचा डिप्लोमा करत होते आणि प्रात्यक्षिकासाठी मला कसबा पेठेतली ही बालवाडी मिळाली होती. पहिल्याच दिवशी छाप पाडायची म्हणून मी हडपसरहून दोन बस बदलून, रंगीत कागद, कात्र्या, डिंकाची बाटली आणि मोज्यांच्या तीन बाहुल्या असं पिशवीभर सामान घेऊन आले होते. डोक्यात त्याहून जास्त सामान होतं. मूल कितव्या महिन्यात काय करतं, कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी येते, सगळं तोंडपाठ. आणि ही पाच फुटांची, कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेली, एक चष्मा नाकावर आणि दुसरा डोक्यावर ठेवलेली बाई मला हातांवर बसायला सांगत होती!

बसले. समोर झोया नावाची साडेतीन वर्षांची मुलगी सँडलचं बक्कल लावत होती. बालवाडी सुटली होती आणि गल्लीच्या तोंडाशी तिचे मामा स्कूटर चालू ठेवून उभे होते. बक्कल काही लागेना. झोयानं जीभ बाहेर काढली, आत घेतली, सँडलला एक दम दिला, पुन्हा सुरुवात केली. माझे हात मांड्यांखाली नुसते शिवशिवत होते. मामांनी हॉर्न वाजवला. शमीमताई शेजारच्या पाटावर स्वतःच्या हातांवर बसल्या होत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "मामा, पेट्रोल वाचवा. झोयाबाई कामात आहेत."

अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं. बक्कल लागलं, झोया ऐटीत उठली, आणि माझ्या लक्षात आलं की सँडल उलट्या पायांत आहेत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई पुटपुटल्या, "तिचे पाय सांगतील तिला. आपण कशाला चहाडी करायची?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तर मग, डिप्लोमा, उद्या किती वाजता येणार?" तेव्हापासून माझं नाव डिप्लोमा. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. हजेरीत लिहिलेलं होतं म्हणा, पण वाचलं असेल तर तसं दाखवलं नाही.

शमीमताई तांबोळी पेठेतल्याच. जन्म इथला, लग्न इथलं, सासर-माहेर यांच्यात अडीच गल्ल्यांचं अंतर. नाव ऐकून एखादी नवी आई "दीदी, हमारा बच्चा ना..." असं सुरू करायची. ताई सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आपलं हिंदी फार छान आहे. मराठी येतं का?" ती बिचारी सदाशिव पेठेतली निघायची.

बोलणं असं तिरकस, पण ते फक्त मोठ्यांसाठी. मुलांशी त्या अहो-जाहो करायच्या, अगदी तीन वर्षांच्या माणसाशीसुद्धा. "साहिलराव, आपलं नाक आपण पुसणार की मी कुणाला पाठवू?" "ओवीताई, आपल्या डब्यात आज काय आहे?" मला आधी हसू यायचं. पण मुलं ते इतकं गंभीरपणे घ्यायची की विचारू नका. साहिलनं एकदा घरी वडिलांना सांगितलं, "अहो बाबा, आपण फोन ठेवता का, मी बोलतोय." वडील दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आले. ताईंनी विचारलं, "मग ठेवलात का?"

खोली एक, मुलं अठ्ठावीस. खिडकीशी एक दोरी बांधलेली आणि तिच्यावर रुमाल. कुणाला वाटावं वाळत घातलेत. ते आयांचे रुमाल असत. जूनमध्ये नवीन मुलं यायची तेव्हा रडारडीनं गल्ली डोक्यावर घेत. इतर ठिकाणी मूल खेळण्यात गुंतलं की आई मागच्या दारानं पळते. ताईंना ते मुळीच खपायचं नाही. "चोरासारख्या जाऊ नका. त्याला सांगून जा. रडेल, रडू दे. पण आई डोळ्यांदेखत गेली आणि बाराला परत आली, हे त्याला रोज कळू दे. पळालात तर तो दिवसभर दाराकडेच बघत बसेल." आणि जाताना आईनं आपला रुमाल मुलाच्या हातानं दोरीला लावायचा. आठवण आली की मुलानं जाऊन वास घ्यायचा, परत खेळायला यायचं. माझ्या पुस्तकात यावर एक मोठं प्रकरण होतं, मूल आणि आई यांच्यातल्या घट्ट नात्यावर, त्या नात्याच्या भरवशावर मूल जग बघायला कसं निघतं त्यावर. मी ते ताईंना उत्साहानं वाचून दाखवलं. त्यांनी डबा खाता खाता लक्ष देऊन ऐकलं. "बरोबर लिहिलंय," म्हणाल्या. "नाव काय म्हणालात त्याला? असू दे. आम्ही रुमाल म्हणतो."

पुस्तकांना त्या नावं ठेवायच्या असं मात्र नाही हं. माझी सगळी पुस्तकं त्यांनी एकेक करून नेली, वर्तमानपत्राची कव्हरं घालून परत आणून दिली, आणि समासात बारीक पेन्सिलीनं खुणा. एकदा म्हणाल्या, "पायऱ्या खऱ्या आहेत. पण पुस्तकाला घाई फार. मूल एका पायरीवर किती वेळ बसेल ते पुस्तकात नसतं."

पाण्याचा प्रयोग मी झोयावर केला. हा प्रयोग आमच्या अभ्यासात होताच. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं, मग त्यातल्या एका पेल्यातलं मुलासमोर उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचं, आणि विचारायचं, कशात जास्त? लहान मूल हमखास उंच पेला दाखवतं, कारण पाणी वर चढलेलं दिसतं. झोयानंही दाखवला. मी आनंदानं वहीत टिपलं. पुस्तकातली मुलगी माझ्यासमोर सतरंजीवर बसली होती!

ताई मागून आल्या. "झोयाबाई, आपल्याला तहान लागली तर यातलं कुठलं घ्याल?"

"बुटक्यातलं," झोया म्हणाली. "उंच पेला सांडतो. मग तुम्ही मला फडकं आणायला लावता."

"टिपून घ्या, डिप्लोमा," ताई म्हणाल्या आणि फडकं आणायला गेल्या, कारण मी खरोखरच पाणी सांडून ठेवलं होतं.

त्या वर्षीचा सगळ्यात मोठा गोंधळ पेन्सिलीवरून झाला. कुणीतरी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसऱ्या कुठल्या शाळेतल्या मुलाचं पान टाकलं. तीन वर्षांचं मूल आणि पानभर ए बी सी डी! झालं. शनिवारी बारा वडील खोलीत दाखल. पुढारपण साहिलच्या बाबांकडे. "ताई, आपल्याकडे नुसतं कणीक मळणं आणि मटार सोलणं चालू आहे. मुलं शाळेत जाणार आहेत, खानावळ काढणार नाहीत."

ताईंनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं. कोपऱ्यातून एक मुसळ आणलं. खरंखुरं, लोखंडी तळाचं, शेजारच्या मसालेवाल्यांकडून मागून आणलेलं. वाळू पसरलेलं एक ताट समोर ठेवलं. "साहिलचे बाबा, यानं वाळूत 'श्री' काढा. एका हातानं. ओळ सोडायची नाही, आणि सुंदर यायला हवा."

साहिलच्या बाबांनी मुसळ उचललं. ते डावीकडे गेलं. मग उजवीकडे गेलं. वाळू त्यांच्या पँटवर गेली. बाकीचे वडील हसायला लागले तशी ताईंनी मुसळ त्यांच्याकडे फिरवलं. बाराच्या बारा जणांनी काढलं, आणि त्या ताटात जे उमटलं त्याला श्री म्हणणं देवाचा अपमान होता. एकाचं मनगट दुखावलं.

"दुखलं?" ताईंनी विचारलं. "तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिल एवढीच जड असते. मनगटाची हाडं अजून कोवळी आहेत. कणीक मळून मळून त्यांच्यात जोर येतो. आला की ती स्वतःच पेन्सिल मागतील."

"पण कधी मागतील?"

"मागितली की आपल्याला पत्र टाकते."

मी मागे तोंडाला ओढणी लावून उभी होते. इतकी हसले होते की पोटात दुखत होतं. तेव्हा मला वाटायचं की ताईंकडून मी सगळं शिकले. हातांवर बसता येऊ लागलं होतं ना! आणि नेमका त्याच महिन्यात मी तो उद्योग करून ठेवला.

ओवी पावणेसहा वर्षांची होती, बालवाडीच्या शेवटच्या वर्षात. बालवाडीमागच्या गल्लीत सगळे तांबट, तांब्याची भांडी ठोकणारे. ओवीचे वडील संतोषभाऊ त्यांच्यातलेच. खाली कारखाना, वर घर. ओवी टवटवीत होती, सगळ्यांत खेळायची, पण बोलायची नाही. म्हणजे मी तरी ऐकलं नव्हतं. मला अभ्यासासाठी एका मुलाचा अहवाल करायचा होता. छापील तक्ता होता, अठरा प्रश्न, प्रत्येकाला दहा सेकंद, उत्तर आलं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. ओवी माझ्याकडे टक लावून बघत होती, मधेच बोटं हलवत होती, आणि मी फुल्या मारत होते. शेवटी मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'भाषाविकासात विलंब. पुढील तपासणी आवश्यक.' ते लिहिताना, खोटं कशाला सांगू, मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी त्याचा फोटो संतोषभाऊंना पाठवला आणि एक प्रत बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या मोठ्या शाळेत दिली. जूनमध्ये ओवी तिथेच पहिलीत जाणार होती. ताईंना दाखवायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, त्या म्हणतील थांबा, म्हणून मी दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओवी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. "ओवीताई कुठायत?" ताईंनी विचारलं. मी सांगितलं. अहवाल दाखवला. त्यांनी नाकावरचा चष्मा काढून डोक्यावरचा लावला आणि तो कागद दोनदा वाचला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "चला," एवढंच म्हणाल्या.

कारखाना बंद होता. भर सकाळी त्या गल्लीत एक दार बंद असलं की दात पडल्यासारखं दिसतं. संतोषभाऊ आत अर्धवट घडवलेल्या हंड्याशेजारी नुसते बसले होते. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात," ते मला म्हणाले. ताईंना नाही, मला. "तुम्हीच सांगा. पोरगी जन्मली तेव्हापासून तिच्या डोक्यावर आमचे ठोके पडताहेत. त्यानंच तिचं बोलणं असं तुटक झालं, मागे पडलं ना? मांजरी गावात माझी बहीण असते. शांत आहे तिकडे. तिच्याकडे ठेवतो पोरीला. आणि शाळेतून फोन आलाय, म्हणाले अहवाल बघता पहिलीत घेता येईल असं वाटत नाही."

माझ्या एका ओळीनं एक मूल घरातून उठत होतं, आईवडिलांपासून तुटत होतं!

"आधी तिचे कान तपासून घेऊ," ताई म्हणाल्या. "तो भाग डिप्लोमांचा बरोबर आहे, शंका आली तर तपासायचंच. मग मला पंधरा दिवस द्या. त्यानंतर मांजरी कुठे पळून जात नाही. आणि संतोषभाऊ, काम सुरू करा."

"पण ताई, आवाज..."

"सुरू करा. मला तो आवाज बघायचाय."

कान तपासले. उत्तम होते. मग रोज बालवाडी सुटली की ताई माझ्यासकट कारखान्यात जाऊन बसायच्या, भिंतीशी, हातांवर. संतोषभाऊ हंडा मठारत असायचे. मठारणं म्हणजे भांड्यावर हातोडीनं एकाशेजारी एक चकचकीत ठोके पाडत जाणं. त्या आवाजात स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. पहिले दोन दिवस मला काही दिसलं नाही. ओवी पायरीवर बसायची. आई वरून डोकावायची, चार बोटं दाखवायची, संतोषभाऊ तीन दाखवायचे, तीन चहा यायचे. समोरचे तांबट हवेत एक वळण काढायचे, ओवी उठून त्यांना पकड नेऊन द्यायची. सगळं घर, सगळी गल्ली हातांनी बोलत होती.

तिसऱ्या दिवशी संतोषभाऊंनी हंडा फिरवायला हातोडी थांबवली. तेवढ्या चार-पाच सेकंदांत ओवी म्हणाली, "बाबा, मांजरीच्या आत्याचा फोन आला होता, ती म्हणाली की उद्या..."

ठोके सुरू झाले. ओवी थांबली. तोंड मिटून, पाय हलवत, आरामात थांबली. मिनिटभरानं हंडा पुन्हा फिरला.

"...उद्या येते, आणि येताना उसाचा रस आणते, पण बर्फ न घालता, कारण मला..."

ठोके. मग पुन्हा शांतता.

"...मला मागच्या वेळी खोकला झाला होता."

ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. हात मांडीखालून कधी निघाला होता, त्यांनाही कळलं नसावं. ठोक्यांच्या वर ओरडून त्या मला म्हणाल्या, "अहो, ही बाई जागा मिळाल्याशिवाय बोलत नाही!"

आणि मी काय केलं होतं? अठ्ठावीस मुलांच्या कलकलाटात तिला प्रश्न विचारला होता. ती बिचारी आवाज थांबायची वाट बघत होती, आणि तोवर बोटांनी सांगत होती. मी दहा सेकंद मोजून फुली. अठरा फुल्या. त्या ओवीच्या नव्हत्याच, माझ्या होत्या.

संतोषभाऊंना हे ताईंनी सांगितलं नाही. "ज्यानं लिहिलं त्यानं सांगायचं," म्हणाल्या, आणि चक्क चहाचा पेला घेऊन समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. मी सांगितलं. माझं चुकलं, असंही मी म्हणाले. शब्द ठोक्यांच्या मधल्या जागांत बसवावे लागत होते, कारण शेजारचे काही थांबले नव्हते. संतोषभाऊंनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या ठोक्यांनी नाही झालं?" मी नाही म्हणाले. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून बालवाडीत रोज दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं ठरलं. अठ्ठावीस मुलं गप्प, म्हणजे काय दृश्य असेल! गाल फुगवून, डोळे वटारून बसायची. चौथ्या दिवशी त्या शांततेत ओवीचा स्पष्ट आवाज आला, "झोयाच्या डब्यात मुंगी आहे. सकाळपासून आहे."

झोया किंचाळली. ताई हसून हसून भिंतीला टेकल्या. सकाळपासून सांगायचं होतं हो तिला!

राहिली मोठी शाळा. माझा नवा अहवाल तिथल्या मोठ्या बाईंनी ठेवून घेतला, पण म्हणाल्या, मुलीला आम्ही स्वतः बघू. मुलाखत नव्हे बरं का, मुलाखतीला बंदी आहे. नुसती ओळख. ओळखीला आम्ही पाच जण गेलो, ओवी, तिचे आईबाबा, ताई आणि मी. ऑफिस रस्त्याकडेला, खिडकीतून सगळा बाजीराव रोड आत येत होता. वर पंखा खडखडत होता, टेबलावर फोन वाजत होता. "बाळा, नाव काय तुझं?" मोठ्या बाईंनी विचारलं. ओवीनं बोटं हलवली. "आवडता रंग कुठला?" बोटं हलली. मोठ्या बाईंनी माझ्या पहिल्या अहवालाकडे बघितलं. संतोषभाऊंच्या बायकोनं माझा हात धरला.

ताई उठल्या. कुणाला न विचारता खिडकी लावली. पंखा बंद केला. फोनचा रिसीव्हर काढून टेबलावर ठेवला.

"अहो, हे काय चाललंय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"ओळख," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्यासमोर तळहात धरला. थांबा म्हणून.

मे महिना. आम्ही सगळे घामानं निथळत होतो. कुणी बोलत नव्हतं. किती वेळ गेला देव जाणे, मला तर ते बक्कल परवडलं असं वाटलं. मग ओवी खुर्चीवरून उतरली. टेबलावर मोठ्या बाईंचा तांब्याचा पाण्याचा जग होता. तिनं त्यावर बोटानं टिचकी मारली, कान जवळ नेला, आणखी एक टिचकी मारली.

"माझं नाव ओवी संतोष. मला निळा रंग आवडतो, पण आधी लाल आवडायचा," ती म्हणाली. "आणि हे तांबं नाहीये. स्टीलवर रंग दिलाय. आवाज बघा. तुम्हाला फसवलंय. तांब्याचा पाहिजे असेल तर आमच्याकडे या, पण बाबांना आधी सांगा, कारण ऑर्डर खूप आहेत आणि मधे चार दिवस त्यांनी कामच नाही केलं."

मोठ्या बाईंनी जग उचलून स्वतः टिचकी मारून बघितली. "बाराशे रुपये घेतले हो मेल्यानं," शेवटी म्हणाल्या. आणि माझा पहिला अहवाल उचलून त्यांनी माझ्याच हातात दिला. बाहेर येताच मी तो फाडला. ताई म्हणाल्या, "फाडू नका हो. असं ठसठशीत अक्षर परत यायचं नाही." पण फाडून झाला होता.

प्रात्यक्षिक संपल्यावरही मी तिथेच राहिले, तीन वर्षं. आता मी नव्या शिक्षिकांना शिकवते, आणि पहिल्या दिवशी त्यांना काय करायला लावते ते सांगायला नकोच. त्या हसतात. हसू देत.

शमीमताई निवृत्त झाल्या तेव्हा ओवी तिसरीत होती. निरोपसमारंभ ताईंनी करू दिला नाही. "भाषणं करतील. मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं चांगलं बोलतील. मला नाही सोसायचं," म्हणाल्या. बारा वाजता मुलांना सोडलं, खोलीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि रोजच्यासारख्या तांबटांच्या गल्लीतून घराकडे निघाल्या. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. गल्ली रोजच्यासारखी ठणाणत होती.

संतोषभाऊंच्या दारात ओवी उभी होती, शाळेच्या गणवेशात. तिनं वडिलांना खूण केली. संतोषभाऊंनी हातोडी खाली ठेवली आणि समोरच्याला हात केला. त्यानं पुढच्याला केला. एकेक करून सगळी दुकानं थांबली. भर दुपारी त्या गल्लीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुठल्याशा नळाचं पाणी ठिबकलेलं कळत होतं.

ताई चमकून थांबल्या. "काय हो, कुणी गेलं की काय?"

कुणी हसलं नाही. ओवी पायरी उतरून त्यांच्यासमोर आली.

"ताई, उद्यापासून आपण काय करणार?" तिनं विचारलं.

शमीमताईंनी उत्तर द्यायला मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली. मी त्यांना कधी उत्तरासाठी अडलेलं बघितलं नव्हतं. पाठमोऱ्याच दिसत होत्या मला. दोन्ही चष्मे काढून त्यांनी हातात धरले होते, आणि खांदे हलत होते. ओवी त्यांच्याकडे बघत उभी होती. तिला घाई नव्हती. गल्लीत कुणालाच घाई नव्हती. पंधरा-वीस तांबट हातोड्या मांडीवर ठेवून, ताईंना बोलता येईल तोवर नुसते बसून राहिले.